पत्त्यावाचून गेलेली फुलं

आमच्या हॉल्मर गावात फुलं पाठवायला पत्ता लागत नाही, नाव सांगितलं की पुरे. फोनवर कुणी घराचा नंबर सांगायला लागलंच तर फुलांचं दुकान चालवणारी माझी नणंद आर्लिस त्याला मध्येच तोडते, "ते राहू द्या हो, कुणाला पाठवायची तेवढं सांगा." या गोष्टीचा तिला केवढा तोरा. तीस वर्षांत एक गुच्छ चुकीच्या दारात गेला नाही, असं ती चर्चच्या जेवणाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवते. पाहुणा जुना असला तरी पुन्हा ऐकवते.

घरांना नंबर आहेत, नाही असं नाही. पण घर ओळखलं जातं ते आधी राहून गेलेल्या माणसाच्या नावाने. मी लग्न होऊन ज्या घरात आले, जिथे मुलं वाढवली आणि जिथून माझ्या नवऱ्याला, व्हर्जिलला, शेवटचं बाहेर नेलं, त्याला लोक अजून यान्सेनांचं घर म्हणतात. यान्सेन मी बघितलेसुद्धा नाहीत. मी गेल्यावर कदाचित ते मेइन्ट्सांचं होईल, तोवर धीर धरायचा.

मी लव्हॉन मेइन्ट्स. आधी शाळेची बस चालवायचे. निवृत्त झाले तेव्हा आर्लिस म्हणाली, घरी बसून गंजशील, माझी व्हॅन चालव. नणंदेच्या हाताखाली काम करायचं म्हणजे काय ते ज्या बायकांना नणंद आहे त्यांना सांगायला नको. पण मला गाडी चालवायला आवडतं, आणि गावाभोवतीचा एकूणएक खडीचा रस्ता मला पाठ आहे. त्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, ओळख असो वा नसो. बोलणं टाकलेले भाऊसुद्धा एकमेकांना बोट उचलतात. जो उचलत नाही तो बाहेरचा.

जनेल गेल्या हिवाळ्यात आली. तिशीची, बारीक, डावा पाय जरासा ओढत चालणारी. बरोबर चष्मा लावणारी लहान मुलगी, टेस. तिने गावाबाहेरचं दुदेनांचं रिकामं घर भाड्याने घेतलं आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. आमचं साप्ताहिक नव्याने आलेल्या माणसांची नावं छापतं, तर हिने नको म्हणून सांगितलं. चर्चच्या पुस्तकात सगळ्या कुटुंबांचे फोटो असतात, तिथेही नको म्हणाली. झालं, गावाला विषय मिळाला. आर्लिसचं मत पडलं की बाईला मिजास फार.

मला तसं वाटलं नाही. अंत्यविधीतली उरलेली फुलं आम्ही वृद्धाश्रमात देतो, टेबलांवर ठेवायला. ती घेऊन मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायचे आणि जनेल मला कॉफी द्यायची. ती नेहमी दाराकडे तोंड करून उभी राहायची, बटाटे सोलतानासुद्धा. एकदा तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "लव्हॉन, एक विचारू? कुणी माझी चौकशी करत आलं, तर तुम्ही मला आधी सांगाल?"

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही आलं तर बरंच आहे."

"सांगेन," मी म्हटलं.

"आधी मला. मग बाकी कुणाला."

"अगं, सांगेन म्हटलं ना."

तिने पुन्हा सुरी उचलली. मी पुढे काही विचारलं नाही. इतकी वर्षं बस चालवली, घरी जायला घाबरणारी मुलं मी आरशात ओळखायचे. मोठ्या माणसाची भीती काही वेगळी दिसत नाही.

ऑगस्ट संपत आला होता. पावसाचं नाव नव्हतं. मका डोक्याच्या वर गेला होता आणि रस्त्यांना दोन्ही बाजूंनी भिंती आल्या होत्या. अशा दिवसांत शेतामधून जाणारी गाडी दिसत नाही, तिची धूळ दिसते. मक्याच्या वरून पांढरी धूळ सरकत जाते आणि कुठे वळली, कुठे थांबली ते मैलभरावरून कळतं.

त्या मंगळवारी सकाळी मी ग्लॅडिओलसच्या दांड्या तिरक्या कापत होते आणि आर्लिस फोनवर होती. मला तिची एकटीचीच बाजू ऐकू येत होती.

"नादीन प्रुइट? नाही हो, या नावाचं आमच्याकडे कुणी नाही... हो, अगदी खात्री आहे, मी जन्मापासून इथेच आहे... असं होय. मुलगी आहे बरोबर? चष्मा?... आणि जरा लंगडते? अहो, मग ती आमची जनेल!"

माझा हात थांबला.

"मधलं नाव लावते होय, असतात बाई अशा. माझी एक मावशी होती... पत्ता? पत्ता कशाला लागतो! तुम्ही नाव सांगितलंत, आता आमचं काम. आमची लव्हॉन नेऊन देईल... आज? हो, आजच. जेवण झालं की व्हॅन निघते... तुम्ही भाऊ का? किती छान. बहिणीची आठवण ठेवणारे भाऊ हल्ली राहिलेत कुठे."

मी कात्री घेऊनच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने हाताने मला गप्प केलं आणि कार्डावरचा मजकूर लिहून घेतला. गोलगोल अक्षर तिचं, शाळेत बक्षीस मिळालेलं. मग फोन ठेवला.

"कोण होता?" मी विचारलं.

"जनेलचा भाऊ. इतका गोड बोलला म्हणून सांगू. तिला सरप्राइज द्यायचंय."

"भावाला बहिणीचा पत्ता माहीत नाही?"

"ती नवीन राहायला आलीय ना."

"आणि नावही माहीत नाही?"

"अगं, मधलं नाव..." ती थांबली, पण कबूल करेल तर आर्लिस कसली. "तुला ना, प्रत्येकात काळंबेरं दिसतं. व्हर्जिल म्हणायचा तेच खरं."

मी कार्ड उचललं. आर्लिसच्या त्या बक्षिसाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लपाछपी पुरे झाली.' खाली नाव नव्हतं.

"लहानपणीची काहीतरी गंमत असेल त्यांची," आर्लिस म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

"परत फोन लाव त्याला. सांग, जमणार नाही म्हणून."

"नंबर दिसत नव्हता."

"आर्लिस, व्हॅन कधी निघते हे त्याने विचारलं?"

"विचारलं. मागून फोन करून तिचा आवाज ऐकायचा असेल, त्यात काय?"

"जिचा पत्ता ठाऊक नाही, तिचा फोन नंबर आहे त्याच्याकडे?"

तिने पाठ फिरवली. शीतपेटीतून पांढऱ्या लिली काढायला लागली आणि काढताना एकीचा देठ मोडला. तिच्या हातून देठ मोडलेला मी कधी बघितला नव्हता. मला तिचा इतका राग आला होता की आणखी बोलले असते तर ते कायमचं राहिलं असतं. मी गुच्छ बांधून होण्याची वाट बघितली. माझं ठरलं होतं. फुलं घ्यायची, सरळ वृद्धाश्रमात जायचं, मागच्या दाराने, आणि कबूल केल्याप्रमाणे जनेलला आधी सांगायचं.

व्हॅन पांढरी आहे आणि तिच्या अंगावर भलंमोठं लाल ट्यूलिप रंगवलेलं आहे. आंधळ्यालाही चुकणार नाही असं. मी दुकानासमोरून निघाले तेव्हा धान्याच्या उंच कोठाराच्या सावलीत एक राखाडी मोटार उभी होती. इंजिन चालू, काचा वर. नंबरपाटीवर खाली परगण्याचं नाव असतं; ते आमचं नव्हतं, शेजारचंही नव्हतं. मी जवळून गेले, सवयीने बोट उचललं. आतला माणूस माझ्याकडेच बघत होता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि एकही बोट हललं नाही.

आरशात बघितलं तर मोटार रस्त्यावर आली होती.

वृद्धाश्रमाचं वळण पुढेच होतं. मी वळले नाही. सरळ गेले, चर्चवरून, पाण्याच्या टाकीवरून, गावाबाहेर. म्हटलं, बघू, त्याला आपलं कुठे जायचं असेल. खडीचा रस्ता लागला, मी वळले. तोही वळला. आता तो माझ्या धुळीत होता. दिसत नव्हता, दिवे लावले नव्हते, पण माझ्या धुळीमागे आणखी धूळ उठत होती. मी वेग कमी केला तर तीही मंदावली. मी रस्त्याच्या कडेला थांबले, त्याने पुढे जावं म्हणून. मागची धूळ हळूहळू खाली बसली आणि तिच्यातून ती राखाडी मोटार दिसायला लागली. थांबलेली. दोन्ही बाजूंना मका, मध्ये आम्ही दोघं, आणि वारा पडलेला. लिलीचा वास व्हॅनमध्ये गच्च भरला होता.

फोन बघितला. त्या खोलगट भागात रेंज येतच नाही.

मी घाबरले होते, ते कशाला लपवू. पण घाबरलं की माझं डोकं चालतं. बसमध्ये चाळीस मुलं आणि रस्त्यावर बर्फ असला की चालायचं, तसंच. दुदेनांकडे जायचं नाही. वृद्धाश्रमात जायचं नाही. परत दुकानात गेले तर तो उद्या येईल, आर्लिसला गोड बोलून विचारील आणि ती त्याला नकाशा काढून देईल. फुलं त्याच्या डोळ्यांदेखत कुठल्यातरी दारात गेली पाहिजेत. पडक्या घरात ठेवून उपयोग नाही, त्याला लगेच कळेल. जिथे बाई राहते असं दिसेल, लहान मूल असेल असं वाटेल, असं घर पाहिजे. आणि दुसऱ्या कुणाच्या दारात त्याला नेऊन सोडायचा मला काय हक्क?

असं घर माझ्या माहितीत एकच होतं. नातवासाठी टांगलेला झोका अजून झाडाला होता, त्याची छोटी सायकल ओसरीशी पडलेली होती आणि सकाळी धुतलेले कपडे दोरीवर होते.

मी यान्सेनांच्या घराकडे वळले.

अंगणात व्हॅन उभी केली. गुच्छ घेऊन ओसरीच्या पायऱ्या चढले आणि माझ्याच दारावर टकटक केली. स्वतःच्या दारात उभं राहून कुणी उघडायची वाट बघणं यासारखं विचित्र काही नाही. क्षणभर वाटलं, आतून खरंच कुणीतरी येईल. मग मी मोठ्याने म्हटलं, "जनेल, फुलं आलीत गं. इथे ठेवते." फुलं दाराशी ठेवली, हात झटकले आणि व्हॅनमध्ये येऊन बसले. रस्त्यावर, माझ्या घराच्या वाटेच्या तोंडाशी, राखाडी मोटार अगदी सावकाश पुढे गेली. तिची धूळ मक्याच्या वरून लांबपर्यंत गेली आणि मग थांबली.

दाराला कुलूप नव्हतं. आमच्याकडे कुणाच्याच दाराला नसतं. त्याचा विचार माझ्या मनात आला नाही, मला फक्त जनेल दिसत होती.

मागच्या रस्त्याने मी वृद्धाश्रमात पोचले. जनेल गाजरं चिरत होती. माझा चेहरा बघूनच तिने सुरी ठेवली.

"आलाय," ती म्हणाली.

"राखाडी मोटार. उंच आहे का गं? रुंद कपाळ?"

"कुठे आहे?"

"माझ्या घरापाशी. त्याला वाटतंय तू तिथे राहतेस. भाऊ म्हणाला तुझा."

"मला भाऊ नाही."

ती रडली नाही, किंचाळली नाही. एप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला, जणू उद्या परत बांधायचा आहे. "टेस शाळेत आहे," एवढंच म्हणाली. मी तिथूनच डॅरिलला फोन केला, शेरीफचा माणूस तो, माझ्या बसमधूनच शाळेत जायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लव्हॉन, फुलं पाठवणं हा गुन्हा नाही हो. पण मी येतो. परगण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, वेळ लागेल."

"मी थांबत नाही," जनेल म्हणाली. "मागच्या वेळी थांबले होते." आणि नकळत तिचा हात डाव्या मांडीवर गेला.

मी तिला एका बाईचं नाव दिलं. माझ्याबरोबर बस चालवायची, आता दुसरीकडे राहते, तिच्या घरात जागा आहे आणि तोंडाला कुलूप आहे. कुठे राहते ते मी इथेही सांगणार नाही. जनेलने नाव दोनदा मनाशी म्हटलं, लिहून घेतलं नाही. शाळेच्या मागच्या दाराने टेसला गाडीत बसवलं. दुदेनांच्या घरी ती गेलीच नाही. कपडे, भांडी, पोरीची चित्रं, सगळं तिथेच राहिलं. निघताना तिने काच खाली केली.

"तुम्ही घरी जाऊ नका आज."

"बघते मी माझं. तू जा."

"लव्हॉन, तो चिडत नाही. तेच वाईट आहे. तो फक्त वाट बघतो."

टेसने मागच्या काचेतून हात हलवला. तिला वाटलं असेल शाळा लवकर सुटली, मजा आहे.

डॅरिल आला तेव्हा ऊन कलत होतं. त्याच्या गाडीतून मी घरी गेले. रस्त्यावर कुणी नव्हतं, ओसरीवर फुलं नव्हती. डॅरिल आत गेला, मी त्याच्या मागे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिली नीट पाण्यात ठेवलेल्या होत्या, माझ्या काचेच्या फुलदाणीत. ती फुलदाणी सिंकखालच्या कपाटात, अगदी मागे असते. ती काढायला त्याला इतर सगळं बाहेर काढावं लागलं असणार आणि ते सगळं त्याने परत जागच्या जागी ठेवलं होतं. भिंतीवरचा आमचा फोटो, मी, व्हर्जिल, मुलं, नातू, कधी नव्हे तो सरळ झाला होता. तो नेहमी जरा वाकडा असायचा.

"काही चोरीला गेलंय का?" डॅरिलने विचारलं.

काहीच गेलं नव्हतं. फक्त फुलांमधलं कार्ड नव्हतं.

डॅरिलने कागद भरला. दार उघडं होतं, मोडतोड नाही, नंबर मी पुरता वाचला नव्हता, परगण्याचं नाव तेवढं सांगितलं. त्याचा काही दोष नाही, मन लावून केलं त्याने. जाताना म्हणाला, "कुलूप आणा, लव्हॉन." मी दुसऱ्याच दिवशी आणलं. दुकानदाराने विचारलं, कोठीसाठी का? म्हटलं, हो, कोठीसाठी.

आर्लिसला मी सगळं सांगितलं. तिने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "मी त्याला भाऊ म्हणून किती छान म्हटलं गं." आणि माझी नणंद, जी सख्ख्या भावाच्या अंत्यविधीला फुलांची मांडणी चुकली म्हणून इतरांवर खेकसत होती पण रडली नव्हती, ती रडली. मला तिची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही खरं आहे.

त्या दिवसापासून ती फोनवर पत्ता विचारते. "घराचा नंबर सांगा. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा." लोक हसतात, आर्लिस, तुझं वय झालं म्हणतात. ती हसत नाही. कॅफेत, चर्चमध्ये, धान्याच्या कोठारावर तिने स्वतः जाऊन सांगून ठेवलं, जनेलबद्दल कुणी विचारलं तर कोण जनेल म्हणायचं. आणि ज्या गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही, ते गाव चक्क गप्प बसलं. एक माणूस खरंच येऊन गेला म्हणे कॅफेत, अॅपल पाय खायला. रुंद कपाळाचा, फार सभ्य. जाताना म्हणाला, छान गाव आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात ना? कुणीच उत्तर दिलं नाही.

आर्लिस माझ्या मागे लागली की तिच्याकडे राहायला ये. मुलगा फोनवर ओरडला. मी नाही म्हटलं. आर्लिसला वाटलं हट्ट आहे, मेइन्ट्सांच्या घरात राहून लागलेला. मी तिला समजावलं, "हे बघ, त्याच्याकडे एकच धागा आहे, मी. मी इथून हलले तर तो दुसरा धागा शोधायला लागेल. आणि तो माझ्या दारात आहे तोवर तिच्या दारात नाही."

"आणि तुझं काय?"

"माझ्याकडे कुलूप आहे," मी म्हटलं.

ऑक्टोबरमध्ये मका कापला. दरवर्षी मला तो दिवस आवडायचा. एका दुपारीत भिंती पडतात आणि आकाश पायापर्यंत येतं. या वर्षी मशीन फिरत होतं तशी मी खिडकीत उभी राहून बघत होते, की माझं घर हायवेवरून कसं उघडं पडत चाललंय.

परवा एक व्हॅन आली. आमची नव्हे, शेजारच्या मोठ्या गावातल्या दुकानाची. एक अनोळखी बाई उतरली, हातात पांढऱ्या लिली.

"लव्हॉन मेइन्ट्स?" तिने विचारलं आणि हातातला कागद वाचून दाखवला. माझ्या घराचा नंबर, रस्त्याचा नंबर, पोस्टाचा आकडा, सगळं. इतक्या वर्षांत माझा पूर्ण पत्ता कुणी माझ्यासमोर मोठ्याने वाचलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला स्वतःला पोस्टाचा आकडा आठवावा लागतो.

"बरोबर आहे ना?" ती म्हणाली. "त्यांनी दोनदा सांगितलं, चुकायला नको म्हणून."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

कार्डावर त्या दुकानातल्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलं होतं, 'तुम्हाला माहीत आहे. घाई नाही.'

मी फुलं फेकली नाहीत. इतकी वर्षं फुलांत काढल्यावर हात धजत नाही. दांड्या तिरक्या कापल्या आणि पाण्यात ठेवल्या. आर्लिसला फोन करून कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी येते. मी म्हटलं, नको येऊस. पण ती येणार हे मला ठाऊक आहे. सामान बांधायलाच तिला अर्धा दिवस लागतो.

आज जेवण उरकून मी भांडी धूत होते. खिडकीतून आता दोन मैलांपर्यंतचा रस्ता दिसतो. हायवेकडून धूळ निघाली. शेजाऱ्यांच्या पिकअप कशा चालतात ते मला धुळीवरून कळतं. कुणी वळणावर घसरत येतं, कुणी मध्येच थांबून शेत बघतं. ही धूळ सरळ, एका वेगाने येत होती. माझ्या घराच्या वाटेच्या तोंडाशी ती मंदावली आणि तिच्यातून राखाडी मोटार बाहेर आली.

मी हात पुसले आणि डॅरिलला फोन लावला. तो म्हणाला, निघालोच, पण लांब आहे, आत बसा. मी दाराचं कुलूप पुन्हा एकदा बघितलं. त्या बसवाल्या बाईचं नाव मनातसुद्धा घेतलं नाही. मग, कशी कोण जाणे, सवय कुठे जाते, खिडकीच्या काचेशी माझं बोट उचललं गेलं.

मोटारीतून काही उचललं गेलं नाही. तो उतरला. उंच, रुंद कपाळाचा, इस्त्रीचा शर्ट. झोक्याजवळ क्षणभर थांबला, ओसरी चढला आणि पायपुसण्यावर दोन्ही बूट नीट पुसले. दार वाजवलं नाही. मूठ धरली आणि मागच्या वेळी उघडलं होतं तसं फिरवून बघितलं.

मूठ फिरली नाही. तो दारापलीकडे थांबला. त्याचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

"लव्हॉन," तो म्हणाला, अगदी घरच्या माणसासारखा, आणि ओसरीवरची खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. "मी आहे इथेच."